नॉर्मलचं थेटर आणि माझ्या ४५ खुर्च्या

शाळेच्या ग्रुपवर गेले तीन आठवडे एकच विषय चालू आहे. गावातलं थेटर पाडणार. २०२० च्या मार्चपासून ते बंदच आहे. पत्र्याच्या फटीतून पिंपळ वर आलाय, तिकीटबारीच्या कट्ट्यावर कुत्री झोपतात. पण पाडणार म्हटल्यावर सगळ्यांना एकदम उमाळे आले. कुणी बारीचा फोटो टाकतो, कुणी पाकिटात जपलेल्या बाल्कनीच्या तिकिटाचा. एका वर्गमित्रानं तालुक्याच्या साप्ताहिकात लेख लिहिला आणि त्यात ठोकून दिलं की परदेशात असल्या वास्तू लोक जिवापाड जपतात, आपल्यालाच किंमत नाही. मग कुणीतरी मला खेचलंच. "सांग रे यांना, तिकडं कसं जपतात ते."

इथवर ठीक होतं. एक अंगठा दाखवून मी सुटलो असतो. पण त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, "वारसदार परदेशात बसलेत, त्यांना काय पडलंय." नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. इथं अमेरिकेत, इलिनॉयमध्ये, रात्रीचे साडेअकरा झाले होते, सकाळी ऑफिसची स्टँडअप मीटिंग होती, आणि मी दोन वाजेपर्यंत छताकडं बघत मनातल्या मनात त्याला उत्तरं देत पडलो.

त्यातलं एक उत्तर इथं लिहितो. ग्रुपवर एवढं लांब कुणी वाचत नाही.

मी राहतो त्या गावाचं नाव नॉर्मल. यावरचे सगळे विनोद करून झालेत, नवा सुचला तरी कळवू नका. १८५७ साली इथं मास्तर तयार करणारी नॉर्मल युनिव्हर्सिटी निघाली, तिच्यावरून गावाला नाव पडलं. आपल्याकडं पुण्यातही पूर्वी नॉर्मल स्कूल होतं, तोच शब्द. तर या गावात नॉर्थ स्ट्रीटवर, युनिव्हर्सिटीला लागूनच, नॉर्मल थिएटर आहे. शेजारच्या ब्लूमिंग्टनच्या सिल्व्हन कुप्फर नावाच्या व्यावसायिकानं ते बांधलं, आराखडा आर्थर मोराट्झचा. १९ नोव्हेंबर १९३७ ला पडदा उघडला. बोलपटांसाठी म्हणून मुद्दाम बांधलेलं या जोडगावांतलं ते पहिलं थेटर. पुढं व्हायचं तेच झालं. टीव्ही आला, मॉल आले, बरेच पडदे एका छपराखाली घेणारी थेटरं आली, आणि नव्वदीच्या सुरुवातीला याला कुलूप लागलं.

म्हणजे इथपर्यंत गोष्ट आपलीच आहे, फक्त पिंपळाऐवजी बर्फ.

फरक पडला तो १९९३ साली. त्या वर्षी टाऊननं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, ते थेटर विकत घेतलं. मूळचा रंग, मूळची निऑनची कमान, सगळं परत जागेवर आणलं आणि १९९४ च्या ऑक्टोबरात ते पुन्हा सुरू केलं. १९९७ साली ते देशाच्या वारसा यादीत गेलं. आजही ते टाऊनच चालवतं. तिथं नफ्याचा विषयच नाही.

तेव्हा लेख लिहिणाऱ्या मित्रा, इथल्या लोकांनी ते जिवापाड वगैरे जपलेलं नाही. त्यांनी ते पैसे भरून जपलंय. मॅक्लीन काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल जूनमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा भरायचं असतं, आणि दोन्ही वेळा माझ्या पोटात गोळा येतो. त्या बिलात टाऊनची एक ओळ असते. मी बघतो, शिव्या देतो, भरतो. मी ग्रुपवर एवढंच विचारलं, नगरपालिकेनं आपलं थेटर विकत घ्यावं असा ठराव मांडायचा का? घरपट्टी थोडी वाढेल. दोन तास ग्रुप गार. मग एका काकांनी सूर्यफुलाच्या फोटोवर शुभ सकाळ पाठवली.

मला चीड याचीच येते. "परदेशात असं होत नाही" हे वाक्य आपण कुठंही चिकटवतो, आणि जपायचं म्हणजे कुणी जपायचं हे कधीच बोलत नाही. पुण्याचंच घ्या. पुण्याचं पहिलं थेटर आर्यन, मंडईजवळचं, १९१५ चं. १९८३ साली ते बंद पडलं, पाडलं गेलं, आणि आज त्या नावानं वाहनतळ ओळखला जातो. लोक गाडी लावतात, पावती घेतात, भाजी आणायला जातात. प्रभातचं तर ताजं आहे. १९३४ साली किबे लक्ष्मी थिएटर म्हणून उभं राहिलं, दामले कुटुंबानं प्रभात म्हणून पिढ्यान् पिढ्या चालवलं, आणि २०१४ च्या डिसेंबरात करार संपल्यावर किब्यांकडं परत गेलं. किती गळे काढले होते तेव्हा पुण्यानं! जणू किबे कुणी आक्रमकच. अहो, जागा त्यांची होती. पुढं त्यांनी ते जुन्या नावानं पुन्हा सुरूही केलं, तेव्हा मात्र त्या रडणाऱ्यांतले किती जण तिकीट काढायला गेले देव जाणे. मुंबईतले मालक तर वेगळ्याच गोष्टीवरून सरकारशी वर्षानुवर्षं भांडताहेत. थेटर पाडून तिथं काही बांधायचं तर आत किमान एक-तृतीयांश खुर्च्यांचं थेटर ठेवायचं, अशी अट. म्हणजे पिक्चर बघायला कुणी येवो न येवो, मालकानं पंगत मांडून बसायचं.

ही एवढी वकिली मी कुणाची करतोय ते आता सांगून टाकतो. गावातलं ते थेटर आमचं आहे. बाराव्या हिश्श्यानं माझं.

गावाचं आणि थेटरचं नाव लिहीत नाही, चुलत भाऊ अजून तिथंच राहतात. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, सोमवारचा बाजार, कारखाना, एस.टी. स्टँड, स्टँडच्या मागं थेटर. अशी वीस गावं सापडतील.

आजोबा मूळचे तंबूवाले. स्वातंत्र्याच्या आधीपासून त्यांचा टुरिंग टॉकीज होता. मार्गशीर्षात म्हसवड, पुसेगाव, पौषात पालीचा खंडोबा, औंध, जशा जत्रा येतील तसं. एक ट्रक, एक ऑईल इंजिन, एक मशीन आणि ताडपत्री. एकच मशीन असल्यामुळं रीळ बदलताना अंधार व्हायचा आणि तेवढ्यात भेळवाला आत फिरायचा. बायका तंबूच्या एका अंगाला, मध्ये कनात. पाऊस आला की खेळ मोडायचा आणि लोक पैसे परत मागायचे. आजोबा म्हणायचे, निम्मा पिक्चर बघितलाय, निम्मे घ्या. पावसात उभं राहून असा हिशेब करणाऱ्या माणसाला वारसा बिरसा काही ठाऊक नव्हतं. त्यांना डोक्यावर पत्रा पाहिजे होता.

तो त्यांना अठ्ठावन्न साली मिळाला. कापडाच्या पेढीवाल्या एका भागीदाराची जागा नि पैसा, आजोबांचा अनुभव आणि लायसन. बॉम्बे सिनेमाज रेग्युलेशन ॲक्ट १९५३ सालचा. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून परवाना काढायचा: दरवाजे किती, ते बाहेर उघडतात का, केबिनला आगीपासून संरक्षण आहे का, वाळूच्या बादल्या किती. त्या लाल बादल्या शेवटपर्यंत भिंतीला लटकत होत्या. वाळूत पानाच्या पिचकाऱ्या. ५४० खुर्च्या: पुढं थर्डला लाकडी बाकडी-खुर्च्या, मागं फर्स्टला बिडाच्या पायाच्या उघडझाप होणाऱ्या, वर बाल्कनीला रेक्झिन. प्रत्येक खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनची वार्ताचित्रं दाखवणं सक्तीचं होतं, आणि त्यांचे पैसे सरकार मालकाकडूनच घ्यायचं. धरणाचं उद्घाटन आमच्या खर्चानं. करमणूक कर वेगळा. कर खात्याचा माणूस कधीही यायचा, बॅटरी मारून डोकी मोजायचा आणि तिकिटांच्या अर्धुकांशी ताळा घालायचा. घरात कुणाचा पाहुणा फुकट बसला असेल तर थोरल्या काकांच्या कपाळाला घाम.

भागीदाराशी पुढं बिनसलं. अकरा वर्षं कोर्टात. त्या अकरा वर्षांत थेटरला रंग दिला नाही, कारण कुणी द्यायचा यावर कोर्टाचा निकाल नव्हता. शेवटी त्यांचा हिस्सा विकत घेतला तेव्हा आजोबा थकले होते. थोरले काका चालवायला लागले.

माझ्या वडिलांना थेटरचा राग. ते हायस्कुलात शिक्षक. सकाळी वर्गात व्याकरण शिकवायचं आणि संध्याकाळी त्याच पोरांनी आपल्याच घरच्या थेटरात शिट्ट्या मारायच्या, हे त्यांना सोसायचं नाही. आमच्या पैशावर पोरं बिघडतात, असं ते जेवताना म्हणायचे. काका म्हणायचे, तुझ्या पगारावर तरी कुठं सुधारली? केबिनमध्ये जायला मला बंदी होती. म्हणून मी केबिनमध्येच असायचो.

आता तंबू नव्हता, मशीनं दोन होती. तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, त्यांच्यामध्ये ठिणगी, आणि त्या ठिणगीच्या उजेडावर पाचशे माणसं हसायची-रडायची. कांडी जळत जाते तसं अंतर वाढतं आणि पडद्यावरची हिरॉईन पिवळी पडते. ऑपरेटरमामा काळ्या काचेतून बघून एक चाक केसभर फिरवायचे की ती परत गोरी. दर वीस मिनिटांनी मशीन बदलायचं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की इकडची झडप बंद, तिकडची उघडी. खाली कुणाला पत्ता लागता कामा नये. पत्ता लागला तर थर्डातून ओळखीची हाक येते. आठवीत असताना मामांनी एकदा माझा हात हँडलवर ठेवला. मी पहिल्याच ठिपक्याला ओढलं. पडदा काळा, खाली गदारोळ, मामांची आयमाय, आणि त्यात स्पष्ट ऐकू आलेला माझ्या वर्गमित्राचा आवाज. हा तोच, ज्यानं परवा साप्ताहिकात लेख लिहिला.

१९९१ ला 'माहेरची साडी' लागला. त्याचं मी काय सांगू? ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका यायच्या, येताना भाकरी बांधून, आणि हुंदके सुरू झाले की केबिनमध्ये मशीनच्या आवाजावरून ऐकू यायचे. दुपारचा खेळ संपला की झाडूवाल्या मावशींना लहान पोरांच्या चपला सापडायच्या. बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, विनाअनुदानित. फी वडिलांच्या आवाक्याबाहेरची. काकांनी बाल्कनीच्या जिन्याखालच्या कपाटातून नोटा काढून मोजून दिल्या. वडिलांनी त्या घेतल्या. घेताना त्यांनी काकांकडं बघितलं नाही. मी आज जो काही आहे, आयुष्यभर विमा कंपनीची कोबोल या जुन्या संगणकभाषेतली कोडं सोडवत आलोय, तो त्या बायकांच्या रडण्यावर उभा आहे. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. कसं सांगणार?

त्याच्या पुढची वर्षं मी लांबून बघितली, आणि बरंचसं बघितलंही नाही. व्हिडिओ पार्लर आधीच आली होती, मग केबल आली. वितरक गॅरंटीचे पैसे आगाऊ मागायला लागले. नवा पिक्चर कराडला नि साताऱ्याला आधी, आमच्याकडं प्रिंटची पेटी आली की तिला सांध्यावर सांधे. सकाळी अकराला काकांनी 'तसले' खेळ सुरू केले. पोस्टरवर डांबराची पट्टी. आईनं मला अमेरिकेत फोनवर सांगितलं नाही, बहिणीनं सांगितलं. मी तेव्हा नुकता आलो होतो, नव्व्याण्णव साल, संगणकातल्या तारखांमध्ये सालाचे दोन आकडे चार करायच्या कामावर. मी काकांना फोन करून मोठ्या माणसासारखं बोललो. गावात आपलं नाव काय राहील वगैरे. काका ऐकून म्हणाले, "लाईटबिल पाठवू का तुला?" मी विषय बदलला.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी उपग्रहावरून पिक्चर थेट थेटरात उतरवायची सोय झाली. पेटीची वाट बघायला नको, मुंबईला लागलेला पिक्चर त्याच शुक्रवारी आपल्या गावात. चार दिवस बरे आले. २०१६ ला 'सैराट' आला तेव्हा रात्री बाराचा खेळ लावावा लागला. दादानं, काकांच्या थोरल्या मुलानं, मला गर्दीचा व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "आबांनी बघायला पाहिजे होतं." काका त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. मी त्यांच्या बाराव्यालाही पोचलो नव्हतो.

तर असा हा वारसा. आणि आता वर्गमित्र म्हणतो वारसदारांना काय पडलंय.

बरं, ग्रुपवर मी जे सांगितलं नाही तेही सांगतो. नॉर्मलचं थेटर वाचलं हे खरं, पण शेजारच्या ब्लूमिंग्टनमधलं आयर्विन थेटर इथल्याच लोकांनी पाडलं. इलिनॉय, आयोवा, इंडियाना फिरताना दर दुसऱ्या गावच्या मेन स्ट्रीटवर एक थेटर दिसतं: आत चर्च नाहीतर जुन्या सामानाचं दुकान, नाहीतर काचेवर फळी ठोकलेली. हे मी लिहिलं असतं तर लेखवाल्याचं वाक्य एका फटक्यात पडलं असतं. पण मग माझं नॉर्मलही थोडं खाली आलं असतं. सव्वीस वर्षं झाली, मला ते वर राहायला हवं असतं. इथं आलोच कशाला, याचं काहीतरी उत्तर हाताशी लागतं ना.

आणि नॉर्मल थिएटरात मी जातो म्हणजे काय? वर्षातून चार-पाचदा. मायर या सुपरमार्केटमधून दूध घेऊन येताना कमानीवर नाव दिसलं आणि जुना पिक्चर असला तर. आत वीस-पंचवीस म्हातारेकोतारे, दोन-चार कॉलेजची पोरं, पॉपकॉर्न देणारी मुलगी दर वेळी दिवस कसा गेला विचारते. दिवे मालवले की चिडीचूप. कुणी शिट्टी मारत नाही, कुणाचं पोर रडत नाही, कुणी मागून खुर्चीला पाय लावत नाही. मला हे आवडतं. खोटं कशाला बोलू, मला आता तिकडच्या मल्टिप्लेक्समधले फोनचे उजेडही सहन होत नाहीत, बायको म्हणते तू गोऱ्यांहून गोरा झालास. पण असं एकेकट्यानं पिक्चर बघणं म्हणजे पंगतीत बसून डबा खाण्यासारखं आहे, हेही तितकंच खरं.

मालकाच्या जागी मी एकदाच बसलो, तेही इथं. मराठी मंडळाच्या कमिटीत होतो तेव्हा एक नवा मराठी पिक्चर आणायचं ठरलं. वितरकाला ठरावीक रक्कम आगाऊ, थेटरवाल्याला रविवारी दुपारच्या पडद्याचं भाडं. ८० तिकिटं गेली तर खर्च निघणार होता. ग्रुपवर ६४ जणांनी 'नक्की येणार' म्हणून सांगितलं, काहींनी तर गावाकडच्या थेटरच्या आठवणीही लिहिल्या, डोळ्यांत पाणीवाल्या चेहऱ्यासकट. आली २३ माणसं. त्यातली दोन माझ्याच घरची. कुणाच्या पोराचा सॉकर होता, कुणाकडं सत्यनारायण, एकानं तर मलाच विचारलं की लिंक कधी येईल. मी दारात पत्र्याचा डबा घेऊन उभा होतो आणि पार्किंगमध्ये वळणारी प्रत्येक गाडी आपल्याकडंच येतेय असं वाटत होतं. काका रोज सव्वासहाला पायरीवर येऊन स्टँडकडं बघत उभे राहायचे. लहानपणी वाटायचं, वाऱ्याला उभे राहतात.

तोटा मी भरला. तीनशे-साडेतीनशे डॉलर. त्याचं काही नाही. पण ते ६४ जण आजही मराठी सिनेमा कसा जगला पाहिजे यावर लिहितात, आणि मी ते अंगठा देऊन पुढं जातो. ग्रुपवरच्या लेखवाल्याला मी तरी कुठल्या तोंडानं विचारू, शेवटचं तिकीट कधी काढलंस?

शेवटचं तिकीट. मी विचार केला तर माझंच आठवत नाही. गावी गेलो की दादा म्हणायचा चल टाकू एखादा पिक्चर, आणि मी म्हणायचो उन्हाचं नको, आत पंखेच आहेत. वर एसी बसवा असा सल्ला.

गेल्या महिन्यात शिकागोला जाऊन आलो. विक्रीसाठी सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. आजोबांचे तीन मुलगे, एक मुलगी, चार वाटे. आमच्या वाट्यात आई, बहीण आणि मी. मी येऊ शकत नाही म्हणून दादाच्या नावानं मुखत्यारपत्र: आधी नोटरीपुढं सही, मग वाणिज्य दूतावासाचा शिक्का, मग ते कुरिअरनं गावी, दुय्यम निबंधकाच्या टेबलावर. आय-फिफ्टीफाइव्ह हायवेवरून जाताना दोन्ही बाजूंना कापलेला मका. मजकूर वकिलानं पाठवलेला. त्यात मिळकतीच्या चतुःसीमा होत्या: पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस एस.टी. महामंडळाची हद्द. उत्तरेस आमचंच जुनं घर, जे आम्ही आधीच विकलंय. सिनेमागृह हा शब्द सगळ्या मजकुरात एकदाच, तोही 'त्यावरील जुने पडीक बांधकाम' याच्या पुढं कंसात. नोटरीबाईंनी विचारलं, ही कसली प्रॉपर्टी आहे? मी म्हटलं, मूव्ही थिएटर. त्यांचे डोळे चमकले. "ओह, हाऊ कूल." मी सही केली.

त्याच शनिवारी नॉर्मलला एक कृष्णधवल पिक्चर होता, मी एकटाच गेलो. फिल्मवरून जशीच्या तशी उतरवलेली प्रत असावी, कारण अर्ध्या तासाच्या आसपास उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका आला. आता वर केबिनमध्ये बदलायला काही नाही. एकच डबा आहे, एका कळीवर चालणारा. तरी माझा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला गेला आणि दुसरा ठिपका येईपर्यंत मी श्वास घेतला नाही. शेजारच्या रांगेतल्या आजींनी हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना?

रविवारी रात्री दादाचा फोन आला. पेपर पोचले म्हणाला. बुधवारी जेसीबी येणार. पत्रा नि लोखंड भंगारवाल्याला किलोवर दिलंय, बाल्कनीच्या खुर्च्या एका मंगल कार्यालयवाल्यानं बघून सोडून दिल्या. फर्स्टातल्या बिडाच्या पायाच्या ३०-४० धड आहेत.

मी म्हटलं, "दादा, माझ्या वाट्याला हिशेबानं ४५ खुर्च्या येतात."

"मग? पाठवू सगळ्या?"

"एक ठेव."

"कुठली पाहिजे?"

मला नंबर सांगता आला नाही. आम्ही कधी खुर्चीत बसलोच नव्हतो, केबिनच्या झरोक्यातूनच बघायचो. म्हटलं, कुठलीही, पण बसायची फळी खाली पडून परत आपोआप वर जाते अशी बघ.

"ठेवतो अंगणात. पण नेणार कधी?"

"डिसेंबरात येतो."

"बरं," दादा म्हणाला. आणि जरा थांबून, "प्लास्टिक टाकून ठेवतो वर."